सूचीची प्रत कोठे ठेवावी?

कोलकात्यातील अलीपूर भागात, बेल्व्हेडिअरच्या विस्तीर्ण आवारात भारताचे राष्ट्रीय ग्रंथालय वसले आहे. तेथील ग्रंथसंख्या २२ लाखांच्या पुढे गेलेली आहे. १९५४ च्या कायद्यान्वये देशात प्रसिद्ध होणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची एक प्रत या ग्रंथालयाकडे पाठवणे प्रकाशकांना बंधनकारक आहे. त्यामुळे पुणे, नागपूर, कोल्हापूर येथे छापलेली मराठी पुस्तकेही हुगळीकाठच्या या नगरीत मोठ्या संख्येने नांदत आहेत. एवढ्या संग्रहात वाचकाने स्वतः फिरून पुस्तक शोधावे, हे शक्यच नाही. वाचक सूचीत पाहतो, पुस्तकाचा क्रमांक चिठ्ठीवर लिहितो, चिठ्ठी खिडकीशी देतो आणि काही वेळाने सेवक ते पुस्तक आणून देतो.

एका रात्रीत ही सूची नष्ट झाली, अशी कल्पना करून पाहावी. एकही पुस्तक जागचे हललेले नाही, एकही पान फाटलेले नाही. तरी सकाळी ग्रंथालयाचे दार उघडून उपयोग होणार नाही. पुस्तक आहे, पण कोठे आहे हे कोणालाच सांगता येत नाही. याउलट एखादे कपाट जळाले आणि सूची शाबूत राहिली, तर काय गमावले याची नेमकी यादी तरी हाती उरते आणि गेलेली पुस्तके अन्यत्र शोधता येतात.

या ग्रंथालयाच्या इतिहासात असा प्रसंग येऊ शकला असता, असे काळ पुष्कळ आले. १८३६ साली स्थापन झालेल्या कलकत्ता पब्लिक लायब्ररीचा संग्रह आणि सरकारी खात्यांचे ग्रंथ एकत्र करून लॉर्ड कर्झन यांच्या कारकिर्दीत, १९०३ साली, मेटकाफ हॉलमध्ये इंपीरियल लायब्ररी खुली झाली. १९२३ साली ती एस्प्लनेडच्या इमारतीत गेली. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत तिला जबाकुसुम हाऊसमध्ये हलवावे लागले. स्वातंत्र्यानंतर तिला राष्ट्रीय ग्रंथालय हे नाव आणि बेल्व्हेडिअरची वास्तू मिळाली. १ फेब्रुवारी १९५३ रोजी मौलाना अबुल कलाम आझाद यांच्या हस्ते ते जनतेसाठी खुले झाले. प्रत्येक स्थलांतरात लाखो ग्रंथ उतरवले गेले, वाहिले गेले, पुन्हा रचले गेले. या ढिगाचे पुन्हा ग्रंथालय होऊ शकले ते पुस्तकाच्या पाठीवरचा क्रमांक आणि सूचीपत्रावरचा क्रमांक एकच असल्यामुळे.

आणखी एक गोष्ट येथे ध्यानात घेण्याजोगी आहे. ग्रंथालयाने आपल्या सूचीचे खंड वेळोवेळी छापून प्रसिद्ध केले आणि ते अन्य ग्रंथालयांत पोचले. याच आवारातील केंद्रीय संदर्भ ग्रंथालयाने १९५८ पासून ‘इंडियन नॅशनल बिब्लिओग्राफी’ ही राष्ट्रीय ग्रंथसूची छापण्यास आरंभ केला. तिच्यात मराठीसह प्रमुख भारतीय भाषांतील पुस्तकांच्या नोंदी असतात. हेतू अर्थातच वाचकांच्या आणि ग्रंथपालांच्या सोयीचा होता. परंतु त्यामुळे सहजच असे घडले की, कोलकात्यातील पुस्तकांची माहिती कोलकात्याबाहेरही ठिकठिकाणी सुरक्षित राहिली. संगणकाच्या तबकडीवरील माहितीचे रक्षण करणाऱ्या तंत्रज्ञांना हाच विचार पुढे नव्याने करावा लागला.

पानांना शीर्षक नसते

संगणकाच्या हार्ड डिस्कवर दोन प्रकारची माहिती असते. पहिली म्हणजे प्रत्यक्ष मजकूर: पत्रे, छायाचित्रे, हिशेबाचे तक्ते. दुसरी म्हणजे त्या मजकुराविषयीची माहिती: फाइलचे नाव काय, ती कोणाची, केव्हा लिहिली, किती मोठी आहे आणि तबकडीवर नेमकी कोणकोणत्या कप्प्यांत पसरली आहे. या दुसऱ्या माहितीला मेटाडेटा म्हणतात, आणि ती ठेवण्याच्या पद्धतीला फाइल सिस्टीम. मेटाडेटा म्हणजे तबकडीची सूची.

ग्रंथालयाचा दृष्टान्त मात्र येथे एका ठिकाणी अपुरा पडतो. ग्रंथालयाची सूची जळाली तरी प्रत्येक पुस्तकाला मुखपृष्ठ असते. वर्षे लागतील, पण पुस्तके एकेक हाती घेऊन सूची पुन्हा लिहिता येईल. तबकडीवरचे पुस्तक मात्र सुट्या पानांचे असते. एका फाइलचे तुकडे तबकडीच्या निरनिराळ्या भागांत विखुरलेले असू शकतात आणि त्या तुकड्यांवर नाव किंवा पृष्ठांक लिहिलेला नसतो. कोणत्या तुकड्यानंतर कोणता, हे केवळ सूचीला ठाऊक असते.

ही सूची किती लहान असते, हे जुन्या फ्लॉपीच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. १.४४ मेगाबाइटच्या फ्लॉपीवर प्रत्येकी ५१२ बाइटांचे २,८८० सेक्टर असत. त्यांपैकी पहिला सेक्टर फ्लॉपीची ओळख सांगे. त्यापुढील ९ सेक्टरांत कोणता तुकडा कोणाला जोडलेला आहे याचा तक्ता असे. या तक्त्यालाच फॅट असे नाव होते. त्यापुढील ९ सेक्टरांत त्याच तक्त्याची दुसरी प्रत आणि शेवटी १४ सेक्टरांत फाइलींच्या नावांची यादी. एकूण ३३ सेक्टर, म्हणजे सव्वा टक्क्याहूनही कमी जागा. उरलेले ९८ टक्क्यांहून अधिक सेक्टर या ३३ सेक्टरांच्या भरवशावर असत. फ्लॉपी अचानक “फॉरमॅट केलेली नाही” असे सांगू लागे, तेव्हा बहुधा या मूठभर जागेतच काहीतरी बिघडलेले असे. पत्रे आणि तक्ते आपापल्या जागी तसेच पडून असत.

फाइल पुसण्याची क्रियाही सूचीवरच घडते. त्या पद्धतीत फाइल पुसली म्हणजे नावाच्या पहिल्या अक्षराच्या जागी एक खूण लिहिली जाई आणि तिचे कप्पे मोकळे आहेत अशी नोंद होई. मजकूर दुसरे काही त्यावर लिहिले जाईपर्यंत तसाच राही. पुसलेल्या फाइली परत मिळवून देणारी सारी जुनी साधने या एका वस्तुस्थितीवर उभी होती.

एक विषाणू, दोन तबकड्या

तक्त्याच्या दोन प्रती ठेवण्याची कल्पना उत्तम होती. दोष होता तो त्या प्रती अगदी शेजारी शेजारी ठेवण्यात. तो दोष जगाच्या नजरेस ठळकपणे आला २६ एप्रिल १९९९ रोजी.

तैवानमधील चेन इंग-हाव या विद्यार्थ्याने १९९८ साली लिहिलेला ‘सीआयएच’ हा विषाणू विंडोज ९५ आणि ९८ असलेल्या संगणकांत लपून बसत असे. २६ एप्रिल ही चेर्नोबिल अणुदुर्घटनेची तारीख असल्याने लोकांनी त्याला ‘चेर्नोबिल’ असे नाव दिले. त्या दिवशी संगणक सुरू होताच हा विषाणू हार्ड डिस्कच्या आरंभीचा सुमारे एक मेगाबाइट भाग निरर्थक मजकुराने भरून टाकी आणि जमल्यास संगणकाची मूळ आज्ञावली असलेली चिपही निकामी करी. दक्षिण कोरिया, तुर्कस्तान, बांगलादेश आणि भारत येथे त्याचा मोठा फटका बसला. सकाळी कार्यालय उघडल्यावर संगणक चालूच होईना, आणि तंत्रज्ञाने तबकडी दुसऱ्या संगणकाला जोडून पाहिली तर ती कोरी दिसे.

कोरी दिसे, कोरी नव्हती. चार गिगाबाइटच्या तबकडीतील एकच मेगाबाइट खराब झाला होता. मात्र तो मेगाबाइट सूचीचा होता.

पुढे जे घडले त्यात मोठा बोध आहे. त्या काळी दोन प्रकारच्या फाइल सिस्टीम प्रचारात होत्या. जुन्या फॅट-१६ मध्ये तक्त्याचा आकार फार तर १२८ किलोबाइट असे. दोन्ही प्रती मिळून २५६ किलोबाइट, आणि त्यालगतच मुख्य डिरेक्टरी, म्हणजे नावांची यादी. हे सारे तबकडीच्या पहिल्या मेगाबाइटमध्येच सामावलेले असल्याने मूळ तक्ता, त्याची प्रत आणि यादी ही तिन्ही एकाच घावात गेली. नव्या फॅट-३२ मध्ये मात्र तक्ता बराच मोठा असे. चार गिगाबाइटच्या विभागात तो सुमारे चार मेगाबाइट भरे. विषाणूने पहिल्या प्रतीचा आरंभीचा भाग खाल्ला, पण दुसरी प्रत चार मेगाबाइट पलीकडे सुरू होत असल्याने ती अबाधित राहिली. मुख्य डिरेक्टरीही दोन्ही तक्त्यांच्या पुढे असल्याने वाचली. दुसरी प्रत पहिलीच्या जागी लिहून, विभागांची नोंद पुन्हा मांडून, अशा असंख्य तबकड्या जवळजवळ पूर्ववत करता आल्या. त्यासाठी थोड्याच दिवसांत विनामूल्य साधनेही उपलब्ध झाली.

विषाणू तोच आणि प्रतींची संख्याही दोनच. एका तबकडीवरचे सारे गेले आणि दुसरीवरचे परत मिळाले, ते मूळ आणि प्रत यांमधील अंतरामुळे. येथे हेही सांगितले पाहिजे की, हे अंतर कोणी सावधगिरीने राखलेले नव्हते. तक्ता मोठा झाला म्हणून प्रत दूर गेली, इतकेच.

सावधगिरीने अंतर राखणारी मंडळी त्याआधीच अमेरिकेतील बर्कली विद्यापीठात होऊन गेली होती. मॅक्युसिक, जॉय, लेफलर आणि फॅब्री यांनी १९८४ साली युनिक्ससाठीच्या नव्या फाइल सिस्टीमचे वर्णन प्रसिद्ध केले. तबकडीचा आकार, कप्प्यांची संख्या अशी मूलभूत माहिती असलेल्या भागाला सुपरब्लॉक म्हणतात. तो वाचता आला नाही तर पुढचे काहीच वाचता येत नाही. या चौघांनी सुपरब्लॉकच्या प्रती तबकडीच्या प्रत्येक गटात ठेवल्या, आणि त्याही प्रत्येक गटात थोड्या पुढे सरकवून. त्या काळच्या मोठ्या तबकड्यांत एकावर एक अशा अनेक चकत्या असत. प्रती सरकत गेल्याने त्यांची मांडणी जिन्यासारखी वळत खाली उतरे. एखादी चकती संपूर्ण निकामी झाली किंवा एखादे वर्तुळ खरवडले गेले, तरी सगळ्या प्रती एकदम नष्ट होऊ नयेत, असा त्यामागचा विचार होता. एखाद्या कुटुंबाने दागिन्यांच्या यादीच्या प्रती चार गावच्या चार नातलगांकडे ठेवाव्यात, त्यातलाच हा प्रकार.

तबकडीबाहेरची प्रत

आज असंख्य सर्व्हरांवर आणि कार्यालयांत लिनक्सची एक्स्ट-४ ही फाइल सिस्टीम वापरात आहे. तिने बर्कलीचा हा वारसा पुढे चालवला. नेहमीच्या मांडणीत तबकडीचे १२८ मेगाबाइटचे गट पडतात आणि सुपरब्लॉकच्या प्रती १, ३, ५, ७, ९, २५, २७, ४९ अशा निवडक क्रमांकांच्या गटांत ठेवल्या जातात. मूळ सुपरब्लॉक खराब झाला तर दुरुस्तीच्या आज्ञावलीला “३२७६८ क्रमांकाच्या ब्लॉकवरील प्रत वापर” असे सांगता येते आणि पुष्कळदा तेवढ्याने काम भागते. विंडोजच्या एनटीएफएसमध्येही आरंभीच्या सेक्टरची प्रत विभागाच्या अगदी शेवटी असते. विभागांची नोंद ठेवणाऱ्या आधुनिक जीपीटी तक्त्याचीही दुसरी प्रत तबकडीच्या दुसऱ्या टोकाला असते. सीआयएचसारखा घाव आज पडला, तर हे तक्ते तरी वाचतील.

तथापि या प्रतींवर सर्वस्वी विसंबणे धोक्याचे आहे, आणि हा मुद्दा फारसा सांगितला जात नाही. तबकडी स्वतःहून ज्याची प्रत ठेवते तो सूचीचा केवळ आराखडा असतो. एक्स्ट-४ मध्ये प्रत्येक फाइलचे नोंदपत्र, ज्याला आयनोड म्हणतात, आयनोडांच्या तक्त्यात असते; त्या तक्त्याची दुसरी प्रत तबकडीवर कोठेही नसते. एनटीएफएसमध्येही मुख्य नोंदवहीतील पहिल्या चार नोंदींचेच प्रतिबिंब ठेवले जाते. ग्रंथालयाच्या भाषेत बोलायचे तर कोणत्या दालनात कोणत्या क्रमांकाची कपाटे आहेत याचे नकाशे अनेक ठिकाणी लावलेले आहेत. पुस्तकांची सूचीपत्रे मात्र एकाच पेटीत आहेत.

यासाठी लिनक्समध्ये ‘ई-टू-इमेज’ नावाचे एक छोटे साधन आहे. ते फाइलींचा मजकूर वगळून केवळ महत्त्वाचा मेटाडेटा एका वेगळ्या फाइलमध्ये उतरवून घेते. त्याच्या माहितीपुस्तिकेत दिलेला हिशेब उद्बोधक आहे: १० गिगाबाइटच्या तबकडीवर १२ लाख आयनोडांपैकी २ लाख वापरात असतील, तर ही प्रत सुमारे ३५ मेगाबाइटची होते. मूळ तबकडीच्या तुलनेत हे हजारात साडेतीन भागही नाही. एवढी लहान प्रत दर आठवड्याला काढणे अवघड नाही. पुस्तिकेने त्याबरोबर दोन गोष्टी सांगितल्या आहेत. विभागांचा तक्ताही उतरवून ठेवावा, आणि ही प्रत ज्या फाइल सिस्टीमची आहे तिच्यावर ठेवू नये. दुसरी सूचना वाचून हसू येईल. पण घराची जादा किल्ली घरातच ठेवून दार ओढून घेणारी माणसे प्रत्येक गृहसंकुलात भेटतात.

या प्रतीच्या मर्यादाही आहेत. ती काढल्यानंतर निर्माण झालेल्या फाइली तिला ठाऊक नसतात. छापील ग्रंथसूचीच्या खंडाला छपाईनंतर आलेली पुस्तके ठाऊक नसावीत, तसे. शिवाय ती मजकुराचा बॅकअप नव्हे. तबकडी जळाली तर केवळ सूची हाती राहील. मजकुराची संपूर्ण प्रत असणे हाच खरा उपाय. सूचीची प्रत ही त्याची जोड आहे.

कुलूपबंद तबकड्यांच्या बाबतीत हा विषय अधिक नाजूक होतो. आजचे अनेक लॅपटॉप आपली तबकडी सांकेतिक रूपात लिहितात. लिनक्सच्या पद्धतीत कुलपाची माहिती तबकडीच्या आरंभीच्या थोड्या मेगाबाइटांत असते. तो भाग गेला आणि त्याची प्रत नसली, तर परवलीचा शब्द तोंडपाठ असूनही काही उपयोग होत नाही. विंडोजमध्ये ४८ अंकी किल्ली असते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षाप्रणालीच्या सदोष अद्ययावतीकरणामुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले, तेव्हा दुरुस्ती एका फाइलपुरती होती. पण कुलूपबंद संगणकांवर ती करण्याआधी ही किल्ली द्यावी लागे. ज्या संस्थांनी किल्ल्यांची यादी बंद पडलेल्या संगणकांवरच ठेवली होती, त्यांची पंचाईत झाली.

कोयलाघाट

प्रत तबकडीबाहेर ठेवली. पण ती त्याच खोलीत, त्याच इमारतीत असेल तर? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी पुन्हा कोलकात्यातच यावे लागते.

हुगळीच्या काठाने जाणाऱ्या स्ट्रँड रोडवर रेल्वेची नवीन कोयलाघाट इमारत आहे. ८ मार्च २०२१ रोजी सायंकाळी तिच्या तेराव्या मजल्यावर आग लागली. नऊ जणांचा मृत्यू झाला. त्यांत अग्निशमन दलाचे चार जवान, एक पोलीस अधिकारी आणि रेल्वेचे कर्मचारी होते. या हानीपुढे बाकी सर्व गौण आहे. तथापि त्या रात्री आणखी एक गोष्ट घडली. रेल्वेच्या आरक्षणव्यवस्थेची दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद अशी पाच संगणककेंद्रे होती. त्यांतील कोलकात्याचे केंद्र याच इमारतीत होते. आगीमुळे इमारतीचा वीजपुरवठा तोडणे भाग पडले आणि पूर्व भारतातील संगणकीकृत तिकीटविक्री विस्कळीत झाली.

ज्या प्रवाशांच्या खिशात आधी काढलेली तिकिटे होती, त्यांची आसने कोठे पळाली नव्हती. गाड्या, डबे, बाक सारे जागेवर होते. कोणत्या गाडीतील कोणते आसन कोणाचे, हे सांगणारी वही वीज तोडलेल्या इमारतीत होती. वही जळालेली असो वा नुसती हाताशी नसो, खिडकीवर उभ्या असलेल्या माणसाच्या दृष्टीने त्यात फरक नसतो.

बँकांच्या ग्राहकांना याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. कोअर बँकिंग आल्यापासून खातेवही शाखेत राहिलेली नाही. म्हणूनच बँका मुख्य डेटा सेंटरखेरीज दूरच्या शहरात, भूकंपाच्या दृष्टीने वेगळ्या क्षेत्रात, पर्यायी केंद्र चालवतात आणि ठरावीक काळाने कामकाज खरोखरच त्या केंद्रावर नेऊन पाहतात. शाखेतील फलकावर “नियोजित देखभालीमुळे सेवा काही काळ बंद” असे वाचून ग्राहक कधी त्रासतात. त्यामागे पुष्कळदा अशी तालीम असते. ही तालीम किती आवश्यक आहे, हे कोयलाघाटच्या जेमतेम दोन आठवडे आधी मुंबईत दिसले होते. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी थांबले आणि दुपारी पावणेचारपर्यंत बंद राहिले. पर्यायी केंद्र अस्तित्वात होते, परंतु त्या दिवशी कामकाज तिकडे नेले गेले नाही. त्यानंतर २ मार्च २०२४ या शनिवारी दोन्ही शेअर बाजारांनी मुद्दाम खास सत्र ठेवले: सकाळचा थोडा वेळ मुख्य केंद्रावरून आणि साडेअकरानंतर पर्यायी केंद्रावरून प्रत्यक्ष खरेदीविक्री केली. कपाटात ठेवलेली प्रत उघडून वाचता येते का, हे पाहण्याचा यापेक्षा खात्रीचा मार्ग नाही.

दुरुस्तीची घाई

सूची बिघडल्याचे लक्षात येताच मनुष्य घाबरतो आणि हाताला येईल ते साधन चालवतो. अशा वेळी तबकडीचे जे नुकसान होते, ते मूळ बिघाडापेक्षा पुष्कळदा मोठे असते. तबकडी न दिसणे, “फॉरमॅट करायचे का?” असा प्रश्न येणे, फाइलींची नावे विचित्र अक्षरांत दिसणे ही सूची बिघडल्याची लक्षणे आहेत. त्या क्षणी करण्याजोगी पहिली गोष्ट म्हणजे तबकडीवर काहीही न लिहिणे. संगणक चालू ठेवला तरी तो स्वतःहून बारीकसारीक नोंदी लिहीत राहतो, म्हणून तबकडी काढून घेणे इष्ट. नंतर संपूर्ण तबकडीची, मोकळ्या दिसणाऱ्या भागासह, जशीच्या तशी प्रतिकृती दुसऱ्या तबकडीवर घ्यावी आणि सारे प्रयोग त्या प्रतिकृतीवर करावेत. कोणताही प्रयोग फसला तर पुन्हा मूळ प्रतीकडे जाता येते.

दुरुस्तीची आज्ञावली आधी ‘केवळ तपासा, बदल करू नका’ अशा रीतीने चालवावी. येथे एक खाचखळगा आहे. लिनक्समध्ये सुपरब्लॉकच्या प्रती कोणत्या जागी असतील हे जाणण्यासाठी अनेक जण तबकडी नव्याने आखणारी आज्ञाच वापरतात. तिला एक अक्षर जोडले की ती प्रत्यक्षात काही न लिहिता केवळ जागांची यादी दाखवते. ते अक्षर विसरले तर ती नवी, कोरी सूची लिहून मोकळी होते. म्हणून या जागांची यादी तबकडी निरोगी असतानाच काढून कागदावर लिहून ठेवणे बरे.

एसएसडी या नव्या तबकड्यांबाबत जुन्या अनुभवावर जाऊ नये. फाइल पुसली तरी मजकूर राहतो, हा फ्लॉपीच्या काळचा दिलासा तेथे लागू पडत नाही. पुसलेले कप्पे मोकळे झाल्याचे संगणक एसएसडीला कळवतो आणि एसएसडी ते खरोखरच रिकामे करते; काही वेळा मिनिटाभरात. चुकून पुसलेली छायाचित्रे मिळवून देऊ, अशी हमी देणाऱ्याला हा प्रश्न आधी विचारावा.

सर्व काही नीट झाले तरी सगळ्याच फाइली नावानिशी परत येत नाहीत. आयनोड सापडतो, मजकूर सापडतो, पण ज्या डिरेक्टरीत त्याचे नाव होते तीच नष्ट झालेली असते. अशा फाइली दुरुस्तीची आज्ञावली ‘लॉस्ट अँड फाउंड’ नावाच्या कप्प्यात टाकते आणि नावाऐवजी त्यांना नुसता आयनोडचा क्रमांक देते. रेल्वेच्या हरवलेल्या सामानाच्या खोलीत जावे, तसा हा कप्पा असतो. दहा वर्षांची छायाचित्रे परत मिळालेली असतात, परंतु कोणते मुंजीचे आणि कोणते सहलीचे, हे प्रत्येक उघडून ओळखावे लागते. ज्यांना ओळखता येईल ती माणसे घरात असली, तर ते जमते.

नावाविना ठेवी

बँकेच्या व्यवहारातही असा एक कप्पा आहे. दहा वर्षे व्यवहार न झालेल्या खात्यांतील रकमा आणि दहा वर्षे कोणी न मागितलेल्या ठेवी २०१४ च्या योजनेनुसार रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत वर्ग होतात. फेब्रुवारी २०२३ अखेर एकट्या सार्वजनिक क्षेत्रातील बँकांनी वर्ग केलेली अशी रक्कम ३५,०१२ कोटी रुपये होती. ही रक्कम बुडालेली नाही. ठेवीदार किंवा त्याचे वारस ती केव्हाही मागू शकतात. अडचण इतकीच असते की, वडिलांनी कोणत्या गावी, कोणत्या बँकेत, कोणत्या नावाने ठेव ठेवली होती, हे मुलांना ठाऊक नसते. ठेवीची पावती जुन्या पेटीत, आणि पेटी बदलीच्या गावी राहिलेली. कुटुंबाच्या सूचीची एकच प्रत होती, आणि ती एका माणसाच्या डोक्यात होती.

१७ ऑगस्ट २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेने ‘उद्गम’ हे संकेतस्थळ सुरू केले. आरंभी ७ बँकांच्या नोंदी तेथे होत्या. मार्च २०२४ पर्यंत ३० बँका सहभागी झाल्या. शोधासाठी ठेवीदाराचे नाव द्यावे लागते आणि त्याबरोबर पॅन, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना किंवा पारपत्र यांपैकी एखादा क्रमांक अथवा जन्मतारीख. नोंद जुळली तर एक संदर्भ क्रमांक मिळतो. तो घेऊन वारसाला त्या बँकेच्या शाखेतच जावे लागते, बेल्व्हेडिअरच्या खिडकीशी चिठ्ठी घेऊन उभ्या राहणाऱ्या वाचकासारखे.